रातांब्यांच्या बेटावर

पाठीवर प्राणवायूचं यंत्र घेऊन इंदुताई बहिणीच्या बेटावर उतरल्या, त्याला चार तास झाले होते. जुनी बॅटरी तीन तासांतच संपायची आणि बेटावरची वीज असून नसल्यासारखी, म्हणून सहा वर्षांत त्यांना इथे येता आलं नव्हतं. नवी बॅटरी बनवणाऱ्यांत त्यांची सून मृणाल होती. आज तीही सोबत आली होती.

"मध्येच बंद पडली तर गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही पडणार, आई. लिथियमच्या पत्र्यात कितीतरी जास्त वीज मावते, पण चार्ज करताना त्यावर सुया उगवायच्या आणि बॅटरी निकामी व्हायची. आम्ही पत्र्यावर एक पातळ थर दिला. आता सुया उगवत नाहीत. ही तीन दिवस चालेल."

तेवढ्यात होडीवाल्याने हाक मारली, "ताई, शेवटची फेरी! येताय ना?"

इंदुताईंनी अंगणात रातांबे फोडत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"तू जा रे. आम्ही परवा येऊ."

बहीण ताडकन उठली आणि लालभडक हातांनीच तिने इंदुताईंना मिठी मारली.

"मावशी, नळी सांभाळा!" मृणाल ओरडली, पण ऐकायला दोघींना सवड कुठे होती?