तोफेनंतरची पाच मिनिटं

"तांबट आळीत?" सबरीने हातोडी खाली ठेवली. "अगं, मी इथे सकाळपासून पत्रे ठोकतोय, तुझे कान किटले नाहीत का? पोरांना घेऊन दुसऱ्यांची ठोकाठोक ऐकायला चाललीस? प्राणीबागेत ने की!"

"प्राणीबाग पुढच्या वेळी," इन्शिराह नवऱ्याला म्हणाली. तान्हा अनस तिच्या छातीशी बांधलेला होता, वाएल झग्याला लटकला होता आणि सात वर्षांची शाहंदा दारातून घाई करत होती. पिशवीत लंगोट, बिस्किटं, पाणी आणि वाएलची जादा चड्डी. हातातल्या कागदावर अख्ख्या दिवसाची आखणी. आधी भुयारी रेल्वे, मग तांबट आळी, मग अताबाचा चौक, आणि सूर्य मावळताना किल्ल्याच्या पायथ्याशी, जिथे उपास सोडायची रमजानची तोफ उडते. सबरीला ईदच्या बिस्किटांसाठीचे पत्र्याचे ट्रे पुरे करायचे होते. तो पुन्हा ठोकायला लागला.

कैरोत जिथे जिथे म्हणून कानठळ्या बसतात, तेवढीच ठिकाणं त्या कागदावर होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

अनस सात दिवसांचा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याला चाळणीत निजवलं होतं. आजीने, हज्जा नब्वियाने, त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता दणादणा वाजवला. "ऐक रे बाळा, आईचं ऐक, बापाचं नको ऐकू!" यावर मूल दचकतं, भोकाड पसरतं आणि बायका हसतात. शाहंदा आणि वाएलच्या वेळी तसंच झालं होतं. पण ती दोघं जन्मली जुन्या घरात. इथे, सबरीच्या कारखान्यावरच्या खोल्यांत, बिऱ्हाड गेल्या वर्षी आलं. अनसने पापणीसुद्धा हलवली नाही. "सिंह आहे गं, सिंह!" म्हणत बायकांनी आनंदाने किलकाऱ्या केल्या. इन्शिराहला मात्र हज्जाचा भाऊ आठवला. तो जन्मापासून बहिरा होता. स्वतः हज्जाचे कानही आता गेले होते, इफ्तारच्या वेळी ती टीव्ही असा लावायची की भिंती थरथरायच्या. दवाखान्यात कान तपासायची तारीख मिळाली ती ईदनंतरची. तेवढा दम तिला निघेना.

गाडीत बायकांच्या डब्यात पोर मांडीवरून मांडीवर फिरलं. कुणी खेळणी विकत होतं, कुणी भांडत होतं, चाकं किंचाळत होती. "माशाअल्लाह, किती गुणी बाळ! आमचा तर चमचा पडला तरी उठतो," एक म्हातारी म्हणाली. इन्शिराह कसनुसं हसली.

तांबट आळीत अनस झोपलेला. अताबाच्या चौकात शंभर मोटारी एकदम हॉर्न वाजवत होत्या, तिथे त्याने डोळे उघडले, दूध प्यायला आणि परत झोपला. "अम्मा, कान दुखले," वाएल रडकुंडीला आला. "आता किल्ला, राजा. एवढाच राहिला," ती म्हणाली.

किल्ल्याखाली रस्त्यावरच पंगत मांडली होती, येईल त्याला जेवू घालणारी. एका दाढीवाल्या काकांनी चौघांना जागा करून दिली. "बसा बसा, बाई." मग शाहंदाकडे वळून, "राणीसाहेबांचा उपास का?"

"दुपारच्या अजानपर्यंतचा," शाहंदा ऐटीत म्हणाली. "आणि नंतर परत धरला."

"मधे काय केलंस?"

"जेवले."

सगळी पंगत हसली. इन्शिराहचं लक्ष फक्त त्या इवल्याशा चेहऱ्यावर होतं.

तोफ उडाली. पायाखालची जमीन हादरली, कबुतरांचा थवाच्या थवा उठला, वाएल किंचाळून तिच्या कुशीत घुसला. अनसचा श्वास संथ चालला होता. मग मिनारामिनारांतून अजान सुरू झाली, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. अनस झोपलेला. तिच्या हातातला खजूर तोंडापर्यंत जाईना. "या रब," ती पुटपुटली, "म्हणजे खरंच." डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

मग शेवटची अजान संपली आणि कैरो गप्प झालं.

तिने आयुष्यभर घरातच इफ्तार केली होती. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. एकही मोटार नाही. हॉर्न नाही, फेरीवाला नाही, भांडण नाही. एवढं अफाट शहर, कोट्यवधी माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडात एकाच वेळी एकेक खजूर. दगडी भिंतीवर उतरती सांज तेवढी हलत होती. इन्शिराहच्या अंगावर काटा आला. आपण रडतोय हेही ती विसरली.

तिच्या छातीशी काहीतरी हललं.

अनसने डोळे टक्क उघडले होते. त्याने मान इकडे केली, तिकडे केली, काहीतरी शोधल्यासारखी. ओठ थरथरले. आणि त्याने असा टाहो फोडला की सगळी पंगत वळून बघायला लागली.

इन्शिराह त्याच्याकडे बघतच राहिली. पोटात होता तेव्हापासून खाली सबरीची हातोडी, रात्रभर मागच्या रुळांवर मालगाड्या, आणि हातोडी थांबली की हज्जाचा टीव्ही. तिने हळूच जीभ टाळ्याला लावून टक्, टक्, टक् केलं, पत्रा ठोकल्यासारखं. रडणं थांबलं. दोन ओले डोळे तिच्या तोंडाकडे वळले.

ती हसत होती, रडत होती, खजूर पिशवीत की मातीत कुठे पडला तिला कळलंही नाही.

"अम्मा," तोंडातला घास तसाच ठेवून शाहंदाने विचारलं, "हा उठला कशाने? आवाज तर कसलाच झाला नाही!"