नालीचं तोंड

रूपालीने काचेची नळी हलवली आणि आतलं पाणी गुलाबी झालं. मग बघता बघता जांभळं. तपासणीच्या डब्यातल्या कार्डावर रंगांचे सहा खाने होते; रंग जितका गडद, तितकं पाण्यात खत जास्त. हा रंग सहाव्याच्याही पलीकडचा होता.

तिचे बाबा, उत्तम, बांधावर तिच्या चपला हातात घेऊन उभे होते. चिखलात भरू नयेत म्हणून त्यांनीच त्या उचलून घेतल्या होत्या. पांढुर्ण्याला पाणी तपासायच्या नोकरीवर लागलेली लेक आज गावच्या तलावावर आली होती, म्हणून सकाळपासून ते बाटल्यांची पेटी सांभाळत तिच्यामागून हिंडत होते. घाटाचं पाणी फिकं गुलाबी निघालं. वरच्या नाल्याचं तर जवळजवळ स्वच्छ. ही तिसरी बाटली त्यांच्याच गव्हातून येणाऱ्या नालीची होती.

हे गव्हाचं वावर पूर्वी दलदल होती. बारमाही झिरपणारं पाणी आणि कमरेएवढा लव्हाळा. रूपाली चौथीत असताना उत्तम आणि तिची आई मालती यांनी दोन उन्हाळे खपून नाली खोदली, पाणी तलावात काढून दिलं आणि जमीन कोरडी केली. त्या गव्हावर घर जेवलं, रूपालीचं सौंसरचं होस्टेल झालं, छिंदवाड्याचं कॉलेज झालं.

शेवाळाच्या हिरव्या थरातून वाट काढत हिरामणचा डोंगा काठाला लागला. तलावात मासोळी आणि शिंगाडा त्याचाच. दसऱ्याला त्याच्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या होत्या. तपासणीसाठी अर्जही त्यानेच दिला होता.

"काय निंगलं व बाई?"

रूपालीने नळी मुठीत झाकली. "रिपोर्ट याले आठ दिवस लागतीन, काका."

ती खोटं बोलत नसे. त्यामुळे तिला ते जमलंही नाही.

उत्तम बांधावरून खाली आले. त्यांनी तिची मूठ हलकेच उघडली आणि नळी उन्हात धरली. "हे आपल्या नालीचं होय ना?"

तिने मान हलवली. "एकट्या आपल्या खताचं नाई, बाबा. वरच्या संत्र्याच्या बगिच्यांचंबी येते. पयले ते सारं लव्हाळ्यात अडून राहे. आता..."

"आता म्या त्याले वाट करून देल्ली."

त्यांनी नळी तिला परत दिली आणि डोंग्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हिरामणभाऊ, तुह्या मासोळ्या माह्या नालीनं मारल्या."

हिरामणने हातातला बांबू चिखलात रोवला. डोंगा स्थिर झाला.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "सहा-सात साल झाले. पाणी पयले नालीच्या तोंडाशीच हिरवं धरते. रोज डोंगा घेऊन फिरतो मी. मले नाई दिसन?"

"मंग बोलला काहून नाई?"

हिरामणने रूपालीकडे पाहिलं.

"पोरगी शिकून राहिली होती."

रूपाली कार्डाकडे बघत राहिली. सहाही खाने एकमेकांत मिसळून गेले.

उत्तमने चपला बांधावर नीट जोडीने ठेवल्या. गव्हात पडलेलं फावडं घेतलं आणि बांधाची माती कापून नालीच्या तोंडात टाकायला सुरुवात केली.

"गहू तं निघू द्या, बाबा," रूपाली म्हणाली. "दोन-अडीच महिन्यांचाच सवाल हाये."

"तोवर पाणी काई थांबून राह्यते, माय?"

पहिला बांध पाण्याने फोडून नेला. दुसराही. साठीतला माणूस, त्याला धाप लागली. हिरामण डोंग्यातून उतरला, काठचे दगड आणून देऊ लागला. तरी मधूनच पाणी निसटत होतं. तेव्हा रूपालीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती स्वतःच नालीच्या तोंडात पाय जोडून उभी राहिली. पाणी तिच्या पोटऱ्यांवर आदळून थबकलं.

"वर ये व पोरी, गारठशीन," उत्तम म्हणाले.

"तुम्ही माती टाका."

उत्तमने माती टाकली. तिच्या पायांभोवती ढेकळं रचत, हाताने थापत, लहानपणी तिला न्हाऊ घालताना वाकत तसे वाकून. बांध धरला, तेव्हा त्यांनी तिचा एकेक पाय अलगद ओढून काढला आणि खळग्यात चिखल भरला.

"तुह्या मायले सांगा लागन," ते म्हणाले.

"मी सांगते."

"नाई. मीच सांगतो."

पाणी क्षणभर घुटमळलं. मग फुगलं, उलटं फिरलं आणि वीतभर वाढलेल्या गव्हात शिरलं.

"लव्हाळा येईन पयले," हिरामण म्हणाला. "मंग पाखरं येतीन."

"किती साल लागतीन?" उत्तमने लेकीला विचारलं. शिकलेल्या माणसाला विचारावं तसं, थोडं अदबीने.

तिला ठाऊक नव्हतं. या वेळी ती खोटं बोलली नाही. "नाई मालूम, बाबा."

पाणी तिसऱ्या ओळीपर्यंत चढलं. तिथली माती आतून सुटी होऊ लागली आणि गव्हाच्या मुळांशी बारीक बुडबुडे फुटू लागले, एकामागून एक. तिघंही वाकून ते ऐकत राहिले.