दहापैकी नऊ

हाका एकूण वीस. दहा आईच्या, दहा आत्याच्या. अंतर दोन मीटर. दोघींनी पाठीमागूनच मारायच्या, आळीपाळीने, मध्ये एक मिनिट सोडून. एकोणीस महिन्यांची ठकी लाकडी जमिनीवर डबे रचत बसली होती. आईच्या हाकेला ती एकदा वळली. आत्याच्या हाकेला नऊदा.

आईने आकडे वहीत उतरवले. ती दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. नमुना एकच, पद्धत एकच, तरी निकाल दोन येत असतील तर कुणीतरी पाणी घातलेलं असतं, हे तिथलं रोजचं.

"झालं मोजून?" आत्याने विचारलं. "की आता पोरीला उकळून बघायचंय?"

"ताई, थट्टा नको. दादाच्या वेळी आपण सगळे थट्टाच करत बसलो."

दादा, ठकीचा भाऊ, सात वर्षांचा. त्याला स्वमग्नता आहे हे कळायला घराला चार वर्षं लागली होती. धाकट्या भावंडात तिची शक्यता जास्त असते, हे आईला तेव्हापासून पाठ होतं. ठकी अजून एक शब्दही बोलत नव्हती. म्हणून वही.

पण वहीबरोबर दुसरंही काहीतरी भरत चाललं होतं.

आई कामावर गेली की मुलं आत्याकडे. नवऱ्याची थोरली बहीण, तीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेली. घरातही ती गिरणीत असल्यासारखीच वावरायची. हाक मारायची तीही एक पाय दाणकन पुढे टाकून, की लाकडी जमीन हादरून ठकीचे डबेही हलायचे. "वर माणसं राहतात की हत्ती?" असं खालच्या शिंप्याने दोनदा विचारलं होतं. दादा तर ती दारात दिसली की आधी कानांवर हात ठेवायचा आणि मग हसायचा.

संध्याकाळी आई दार उघडून आत यायची, ठकीला हाक मारायची. ठकीची मान डब्यांतच. आत्या स्वयंपाकघरातून निघाली की मात्र ती दिसायच्या आधीच ठकी हसत वळायची. आईला वाटायचं, नऊ महिने वागवलं मी, आणि माया लाटली हिने.

"तिला ऐकू तर येतं ना नीट?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"तुझ्या बहिणीचं बरोबर ऐकू येतं," आई म्हणाली. "माझंच तेवढं येत नाही."

तो हसला. ती हसली नाही. त्याच दिवशी तिच्या मनात येऊन गेलं, दादासारखंच निघालं तरी चालेल. मग निदान ठकीने आत्याला निवडलं, असं तरी होणार नाही. तिने वही पटकन मिटली, जणू हे कुणी वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं. "ताई, पंधरा दिवस तुम्ही येऊ नका. मी रजा घेतलीय."

"का गं? माझं काही चुकलं?"

"चुकलं नाही. तुम्ही असलात की माझं मोजमाप बिघडतं."

"मोज बाई." आत्याच्या कडेवर ठकी होती. तिने तळवा आत्याच्या गळ्यावर टेकवला होता आणि आत्या बोलेल तशी ती खुदकन हसत होती. "अगं, तुझी जागा मी कशाला घेऊ? मला काय रोज जिने चढायची हौस आहे?"

आईने ठकीला ओढूनच घेतलं. ठकी रडली. तेही वहीत गेलं: चार मिनिटं.

त्या पंधरा दिवसांत आईने दीडशे हाका मारल्या. हळू, लाडाने, गाऊन, शेवटी शेवटी रागावून. ठकी अकरा वेळा वळली.

सोळाव्या दिवशी बालविकासाच्या तज्ज्ञ बाईंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"नोंदी फार नेटक्या आहेत. या आत्या नाही आल्या?"

"त्यांची काय गरज? मुलगी माझी आहे."

"बरं." बाईंनी वही परत दिली. "बोलणं, खेळणं, नजर, ते सगळं सावकाश बघू. एक तपासणी आम्ही सगळ्यांचीच आधी करतो. तिला झोपू द्या."

ठकी आईच्या मांडीवर झोपली. मदतनीस मुलीने तिच्या डोक्याला बारीक तारा चिकटवल्या आणि दिवा मंद केला. आईने ठकीचे श्वास मोजले: मिनिटाला चोवीस. तासभर ठकी कुणाकडेच वळणार नव्हती. आईला कित्येक महिन्यांत इतकं शांत वाटलं नव्हतं.

यंत्रातून कागद निघाला. बाईंनी तो दोनदा पाहिला आणि आईपुढे सरकवला.

उजवा कान: नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. डावा कान: नव्वद डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही.