शनिवारची भूक

दिवसभर खुर्चीत बसून टीममध्ये कुणालाच भूक लागत नसे, म्हणून शनिवारी बाणेरच्या बुफेआधी सगळे विकतची भूक टोचून घेत. बुफे दोन हजारांचा, भूक तीन हजारांची! सुयोगने आज महागातली ‘घरगुती’ घेतली आणि सुशी समोर असताना त्याला हवीशी झाली अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, अगदी आई करायची तशी.

त्याने लातूरला फोन लावला. “आई, जेवलीस?”

“भूक कुठंय? शनिवारची विकते मी.”

“अगं, पैसे पाठवतो ना मी?”

“पैशांचं नाही रे बाळा. एकटीसाठी काय रांधायचं? म्हटलं, कुणाच्या तरी लेकराला घास गोड लागेल.”

त्याने फोन ठेवला. “भूक वाया घालवू नकोस,” टेबलावरचे मित्र हसले.

सुयोगने प्लेट पुढे ओढली आणि रडत रडत सगळी संपवली.