व्ही-सिंकचा कौल

शेवटच्या फेरीला पाच मिनिटं उरली होती आणि देव अजून बोलत नव्हता.

पेडण्याकडच्या त्या देवळाच्या सभामंडपात भरलेल्या गेमिंग स्पर्धेत साईश माऊसवर हात ठेवून बसला होता. समोरच्या टेबलावर हरमलचा बाबली. दोघांची बरोबरी. जिंकणारा पुण्याच्या गेमिंग टीममध्ये जाणार होता. साईश हरला तर सोमवारपासून काकाबरोबर मुरगावच्या गोदीत. वडिलांनी, यशवंतने, तसा शब्दच देऊन टाकला होता.

अडचण एकच. व्ही-सिंक नावाची गेमची सेटिंग लावली की चित्र अखंड दिसे, पण क्लिक केल्यावर गोळी सवडीने निघे. काढली की गोळी लगेच, पण चित्र आडवं फाटे: शत्रूचं डोकं एका जागी, धड दुसऱ्या. साईशला ठरवता येईना. गावात ठरवता न येणारी गोष्ट जिथे नेतात, तिथे यशवंतने ती नेली.

पुजारी कृष्णनाथने मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! ह्या लेकराचां चित्र फाटता. व्ही-सिंक लावचां तर उजवी दी, काढचां तर डावी दी!"

"व्हय महाराजा!" मंडप म्हणाला. बाबलीही म्हणाला. सवय.

वाऱ्याने पाकळी पडली तर कौल खोटा, म्हणून कृष्णनाथने उभा पंखा बंद करायला लावला होता. तो पंखा साईशच्या कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटसमोर, तो गार राहावा म्हणून ठेवलेला होता.

"सेकंदाक नव्वद फ्रेम," बहीण सुविधा स्क्रीनचा कोपरा वाचत म्हणाली. मग, "सत्तर."

पाकळ्या जागच्या हलेनात.

"पन्नास. बाबा, मशीन तापलां!"

"पंखो लावा!" साईश ओरडला.

"खबरदार! देवाक वारो लागतलो," कृष्णनाथ म्हणाला.

"एकतीस."

आयोजकाने शिट्टी तोंडात धरली. साईशने तळहाताचा घाम पँटला पुसला आणि कुणालाच न विचारता व्ही-सिंक काढून टाकलं. शिट्टी वाजली आणि चित्र फाटलं. शिवाय आता अडखळूही लागलं.

यशवंत उठला आणि त्याने पंख्याचं बटण दाबलं. दोन्ही पाकळ्या एकदम उडाल्या. एक समईत पडली, एक कृष्णनाथच्या टकलावर चिकटली.

"यशवंता, कौल मोडलंस! आता देवाक काय सांगू?"

यशवंतने पंख्याचं तोंड मशीनकडे आणखी वळवलं.

"सांग, माझो झील खेळता हा. जरा गप रव."