उपवासाचा वार

प्रज्ञाने वाढलेलं ताट पाहताच वैजयंतीबाई म्हणाल्या, "अहो, आज माझा उपवास."

दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. प्रज्ञा बौद्धवाड्यात वाढलेली. असले उपवास तिने लहानपणापासून पाहिले होते.

"मागे आलात तेव्हा गुरुवारचा होता, आज मंगळवारचा," ती म्हणाली. "बाई, उपवास वाराचा असतो की घराचा?"

वैजयंतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली आणि पिठल्याबरोबर खायला सुरुवात केली.

"सासूबाईंनी बजावलं होतं, तिथे काही खाऊ नकोस."

"मग आता घरी सांगाल, जेवून आले म्हणून?"

बाईंचा घास हातातच राहिला. "तेवढं नाही जमणार हो," त्या पुटपुटल्या.

प्रज्ञाने त्यांच्यासाठी उचललेली दुसरी भाकरी परत टोपलीत ठेवली.