खालचा माणूस

"वजनच नाही!" बाबांनी टीव्हीकडे हात झटकला. "एवढा दणकट गडी इमारतीच्या टोकावरून खाली येतो आणि पीस पडल्यासारखा टेकतो. याला काय पडणं म्हणायचं?"

टीव्हीवर नव्या सिनेमातला सुपरहिरो एक गुडघा आणि एक मूठ जमिनीला टेकवून बसला होता. भोवतालचा रस्ता तडकला होता, पण त्याच्या केसाची बट हलली नव्हती. मुलीनं हा सिनेमा मुद्दामच लावला होता. नावं ठेवायला काही मिळालं की बाबांना तरतरी येते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबांचं सगळं आयुष्य पडण्यात गेलं होतं. सिनेमांत हिरोंच्या वाट्याच्या उड्या त्यांनी मारल्या होत्या, गच्चीवरून, पुलावरून, धावत्या ट्रकवरून. आणि एवढं करून धडधाकट राहिलेला हा माणूस बाथरूममध्ये साबणावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. हाड आता जुळलं होतं, पण बाबा खुर्चीतून उठायचं नाव घेत नव्हते. आता चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं. "उद्या बघू," म्हणून बाबांनी त्यांना वाटेला लावलं. कोपऱ्यातल्या वॉकरवर टॉवेल वाळत पडला होता.

"आणि गुडघ्यावर उतरतोय बघ शहाणा! आमच्यातला कुणी असा उतरला असता तर गुडघ्याची वाटी हातात आली असती."

"अहो बाबा, तो परग्रहावरचा आहे."

"मग? परग्रहावर गुडघे दुखत नाहीत?"

मुलगी खुदकन हसली. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. कॉमिक्सची चित्रं रंगवणं हे तिचं काम, आणि आत्ता ती अशाच एका सुपरहिरोचा झगा लाल करत होती. बाबांनी मान लांब करून पाहिलं.

"हा तुझा पठ्ठ्या घरात बसून चहा पितोय, तरी झगा मागे फडफडतोय. खिडकी बंद, दार बंद. वारा येतो कुठून?"

"मला काढून देतात तसं मी रंगवते. उगीच माझ्या पोटावर पाय आणू नका."

"रंग झकास देतेस, त्यात वाद नाही," बाबा लगेच नरमले. मग पुन्हा टीव्हीकडे वळून ओरडले, "हा बघ, निघाला! कुणाला न विचारता मारली उडी!"

"कुणाला विचारायचं त्यानं?"

"खालच्या माणसाला!" बाबा खुर्चीत सरसावून बसले. "खाली खोके रचून वर गादी टाकलेली असते. तिच्याजवळ एक माणूस उभा असतो. वरून आपण विचारायचं, 'आहे का?' तो गादी चाचपून ओरडणार, 'आहे!' ते ऐकल्याशिवाय पाय सोडायचा नाही. डायरेक्टर कितीही बोंबलू दे. या नव्या सिनेमांत खाली कुणीच नसतं बघ. सगळे आपले एकेकटे उडतात. म्हणून मग आपलाही जीव वरखाली होत नाही."

मुलीचा हात थांबला. इतके दिवस ती मागून काखेत हात घालून त्यांना उठवायला बघत होती. "उठा हो, काही होत नाही," हेच पालुपद लावून धरलं होतं तिनं. तिला स्वतःचाच राग आला, आणि समोरच्या या हट्टी माणसाबद्दल पोटात माया दाटून आली.

तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला. टॉवेल काढून खांद्यावर टाकला, वॉकर आणून खुर्चीसमोर ठेवला आणि त्याला अगदी खेटून उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. थट्टेचा सूर एकदम मावळला.

"भीती वाटते गं," ते हळूच म्हणाले. "हसशील तू. पण वाटते."

"नाही हसत."

त्यांनी वॉकरकडे आणि तिच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पण तू तिथं काय उभी राहिलीस? उडी मारणारा उभा असतो तिथं गादी टाकून काय उपयोग? तो पडणार तिथं टाकायची. मागे सर. अजून. हां, तिथं."

ती मागे सरली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. बाबांनी वॉकर घट्ट धरला.

"आहे का?"

"आहे."

ते उठले. सगळा भार वॉकरवर होता, ओठ घट्ट मिटलेले होते, पण ते उभे होते. तिकडे सुपरहिरो अख्खं शहर वाचवत होता आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. बाबांनी वॉकर पुढे ढकलला आणि पाऊल टाकलं. मुलगी एक पाऊल मागे गेली.

"आहे का?"

"आहे," ती त्यांच्या पावलांवर नजर ठेवून पुटपुटली.

"जोरात ओरड," त्या बंद खोलीत बाबा दरडावून म्हणाले. "इथं वर वारा फार असतो."